गाडीच्या पोटाखालचं लोखंड

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात गाड्या जितक्या मनापासून धुतल्या जातात, तितक्या एरवी वर्षभरात धुतल्या जात नाहीत. बॉनेटवर पॉलिश चढतं, काचा चकचकीत होतात, दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घातला जातो. पावसाळ्याचा खरा मार ज्याने खाल्लेला असतो, त्या लोखंडाकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. लोअर आर्म, स्टॅबिलायझर बार, कॉइल स्प्रिंग, मागचा अॅक्सल, ओम्नी किंवा जिप्सीसारख्या गाड्यांचे पाटे हे सगळं चार महिने चिखलात आणि पाण्यात, किनाऱ्यालगत असेल तर मिठातही, भिजत असतं. गाडीचं सगळं वजन आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा याच भागांवर येतो. माझं म्हणणं असं आहे, की दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्याने सस्पेन्शनचे हे भाग स्वतःच्या हाताने घासायला, तपासायला आणि रंगवायला शिकावं. यातला रंग हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. रंग देण्यासाठी आधी धातू उघडा करावा लागतो, आणि उघडा झालेला धातू गाडीची खरी अवस्था दाखवतो. या कामाची मोठी कमाई तीच.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे शाळेत सगळेच शिकतात. सस्पेन्शनच्या बाबतीत त्यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे मीठ. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवा बऱ्यापैकी कोरडी असतानाही तिच्यातली ओल ओढून घेतं. त्यामुळे रत्नागिरी, अलिबाग, मालवण किंवा पणजीकडच्या गाडीच्या सांध्यांत साचलेला खारट चिखल उघडीप पडल्यावरही आतून ओलाच राहतो. दुसरी गोष्ट गंजाची स्वतःची. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसला की तो खालच्या धातूला राखतो; लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि ज्या धातूपासून तो झाला त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाला एक टवका उडाला, की त्या जागेतून शिरलेला गंज आजूबाजूचा रंग आतून उचलत पुढे सरकतो. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे आणि जालन्यात सारखीच वर्षं चाललेल्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या वरून सारख्या दिसतील. खालून त्या वेगळ्याच असतील.

गंजाने पत्रा पातळ होतो हे डोळ्यांना कळतं. स्प्रिंग आणि पाट्यांच्या बाबतीत धोका त्याहून सूक्ष्म आहे. हे भाग उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात आणि आयुष्यभर लाखो वेळा दबतात, सुटतात. पोलादाचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तोवर ते हा ताण सहन करतं. गंजाने त्यात मोहरीएवढा खळगा केला की ताण त्या खळग्याच्या तळाशी एकवटतो, तिथून केसासारखी भेग सुरू होते आणि एके दिवशी स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटून बाजूला पडतं. ते बहुधा खालच्याच बाजूला तुटतं, कारण स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे चिखल आणि पाणी साठून राहतं.

हा दोष फक्त जुन्या गाड्यांचा आणि निष्काळजी मालकांचा आहे, असंही नाही. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. अशा राज्यांतल्या पाच लाखांहून जास्त विंडस्टार गाड्या २०१० मध्ये फोर्डला परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांचा मागचा अॅक्सल गंजून मोडत होता. २०१४ मध्ये टोयोटाने सुमारे ६ लाख ९० हजार टॅकोमा पिकअप मागे बोलावल्या. त्यांचे मागचे पाटे ताण आणि गंज यांमुळे तुटू शकत होते आणि तुटलेला पाटा पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोहोचू शकत होता. जगातल्या बड्या कंपन्यांच्या कारखान्यातल्या रंगाचीही अशी अवस्था होत असेल, तर पंधरा पावसाळे पाहिलेल्या आपल्या गाडीखालचा मूळ रंग अजून शाबूत असेल असं धरून चालणं योग्य नाही.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण आलं, आणि पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झालं. सरकारचा रोख गाडीच्या वयावर आहे आणि प्रदूषणाच्या बाबतीत त्याला आधारही आहे. पण पाटा किंवा आर्म तुटतो तो वयामुळे नाही, अवस्थेमुळे. पंधराव्या आणि विसाव्या वर्षाच्या मध्ये पाच पावसाळे येतात आणि त्या काळात गाडीच्या पोटाखाली बघण्याचं बंधन कोणावरच नसतं. ब्रिटनमध्ये मोटारीची तपासणी दरवर्षी होते आणि सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेलं असतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत जास्त गंज सापडला तर गाडी नापास होते. आपल्याकडे तशी वार्षिक व्यवस्था खासगी गाडीला नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी ती अजून रस्त्यावर दिसते. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने वीस वर्षांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत, धाव घेतली. गाड्या टिकतात. त्या कशा अवस्थेत टिकल्या आहेत, हे बघणारं कोणीतरी हवं, आणि सध्या तरी तो माणूस मालकच असू शकतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. लहान मोटारीचा लोअर आर्म काढून समोर ठेवला, तर सुरुवातीला तो धातूचा भाग वाटतच नाही. ग्रीस, धूळ आणि चिखल यांचा खरवडावा लागेल इतका जाड थर त्यावर बसलेला असतो. आधी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने तो काढायचा, मग साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुवायचा, म्हणजे खारटपणा निघून जातो. मीठ राहिलं तर वर कितीही महाग रंग मारा, तो फुगणारच. ओशटपणा निघाला की वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. या टप्प्यावर हात थांबवून बघायचं असतं. जिथे दोन पत्रे वेल्ड केलेले असतात तिथे कडेने बारीक तपकिरी रेघ आहे का? भेग असेल तर तिच्यातून गंज पाझरतो आणि स्वच्छ धातूवर तीच रेघ उठून दिसते. बोल्टचं भोक गोल आहे की ओढलं जाऊन लांबट झालं आहे? बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला चीर आहे का, दांडा हाताने सहज लुळा हलतो का? बुशचं रबर धातूपासून सुटलं आहे का? छोट्या हातोडीने ठोकत गेलं तर निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि आतून खाल्लेला पत्रा बद्द आवाज करतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा दबला, तर तो भाग भंगारात. तो रंगवायचा विचारही करू नये. हे सगळं कळायला अभियंता असावं लागत नाही. चांगला उजेड आणि दोन तासांचा निवांतपणा लागतो. गर्दीच्या गॅरेजमध्ये नेमका तोच नसतो. रोज आठ गाड्या सोडायच्या असतात तिथल्या मेकॅनिकला एक आर्म दोन तास घासत बसणं परवडणार नाही, आणि त्याला त्याबद्दल दोषही देता येत नाही.

या मांडणीवर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की रंग दोष झाकतो. आक्षेप खरा आहे. गंजावरच काळा रंग किंवा डांबरी कोटिंग मारून नव्यासारखा दिसणारा अॅक्सल हा उघड्या गंजलेल्या अॅक्सलपेक्षा धोकादायक, कारण उघडा गंज निदान सावध करतो. डांबरी थराखाली शिरलेलं पाणी बाहेरही पडत नाही. पण या आक्षेपातून रंगवूच नये असा निष्कर्ष निघत नाही. कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रंगाने रंगवावं, हे त्यातून ठरतं. घासणं आणि तपासणं पुरं झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि शेवटचा हात काळा नको, फिकट करडा हवा. सस्पेन्शनला काळा रंग देण्याची रीत इतकी रुळली आहे, की दुसरा रंग कोणाला सुचत नाही. पण काळ्यावर भेग दिसत नाही, गळलेलं तेल दिसत नाही, गंजाची सुरुवात तर महिनोन् महिने दिसत नाही. करड्यावर तिन्ही टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतात. रेसच्या गाड्यांच्या नळ्यांच्या सांगाड्याला फिकट रंग देतात तो याच कारणासाठी. तेव्हा योग्य रंग पुढच्या तपासणीला मदतच करतो.

रंगाचा क्रमही समजून घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा रेडऑक्साइड स्वस्त आहे, पण त्याचा थर ओल आरपार जाऊ देतो. एकटा रेडऑक्साइड मारून सोडलेला भाग पहिल्याच पावसात पुन्हा गंजायला लागतो. दोन डब्यांतलं मिश्रण करून लावायचा इपॉक्सी प्रायमर त्याहून पुष्कळ चांगला, आणि त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात पुरेत. एक जाड हात मारण्याचा मोह टाळावा. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि दगड लागला की पापुद्र्यासारखा निघतो. खळग्यांच्या तळाशी घट्ट बसलेला, ब्रशने न निघणारा गंज उरला, तर टॅनिन असलेलं द्रावण उपयोगी पडतं. सह्याद्रीतल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाशी संयोग झाला की ते निळसर काळं पडतं. हिरड्याची जुनी शाई याच गुणावर होत असे. गंजाच्या पातळ थराचं अशा स्थिर संयुगात रूपांतर होतं आणि प्रायमरला पकड मिळते. सुटा, पोपडे आलेला गंज मात्र त्याने बरा होत नाही. तो काढावाच लागतो.

हौशी माणसाकडून चुका होतात त्या बहुतेक घाईच्या. फरशी किंवा संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये स्प्रिंग बुडवून ठेवली की गंज झटपट जातो, म्हणून अनेकांना तो उपाय सोपा वाटतो. त्या अॅसिडमुळे निर्माण होणारा हायड्रोजन उच्च ताकदीच्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. चकचकीत झालेली स्प्रिंग नंतर सूचना न देता तुटू शकते. अधिक ताकदीच्या बोल्टांनाही हेच लागू आहे. गॅसच्या ज्योतीने रंग जाळणंही स्प्रिंगला आणि पाट्यांना घातक, कारण कारखान्यात दिलेलं पाणी त्या उष्णतेने उतरतं. ग्राइंडरने खोलवर घासलं तर स्प्रिंगच्या पृष्ठभागाला छर्‍यांच्या माऱ्याने दिलेली कणखरता निघून जाते. पावडर कोटिंग टिकाऊ असतं हे खरं, पण त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. बुश आणि बॉल जॉइंट काढल्याशिवाय आर्म तिकडे देऊ नये आणि शॉकअॅब्सॉर्बर तर कधीच देऊ नये. रंग नको अशा जागाही ठरलेल्या आहेत: आटे, रबर, शॉकअॅब्सॉर्बरचा दांडा, बॉल जॉइंटचा निमुळता दांडा आणि जिथे धातूवर धातू दाबून बोल्ट आवळला जातो तो पृष्ठभाग. तिथे जाड रंग राहिला तर तो दाबाखाली हळूहळू चेपला जातो आणि नीट आवळलेला बोल्टही सैल पडतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हलक्यात घेणार नाही. ज्या भागावर चाक उभं आहे तो घरी खोलायला सांगणं हे बेजबाबदारपणाचं आहे, असं कोणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. म्हणून कामाची विभागणी करायला हवी. खोलणं आणि बसवणं हे ज्याच्याकडे लिफ्ट, टॉर्क पाना आणि सराव आहे त्याचं काम. धुणं, घासणं, बघणं आणि रंगवणं हे मालकाचं. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरवर दाबून बसवलेली कॉइल स्प्रिंग तर घरी सोडवूच नये. तिच्यात साठलेला जोर माणूस जायबंदी करायला पुरेसा असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नये, मग काम दोन मिनिटांचं का असेना. बसवताना मालकाने एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगावी: रबरी बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना ते आवळायचे. लिफ्टवर आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि नवं बुशही लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट. या विभागणीत गाडी दोन-तीन दिवस उभी राहते ही गैरसोय आहेच. ज्याची गाडी रोजीरोटीची आहे त्याला ती परवडणार नाही, आणि त्याने निदान गाडी लिफ्टवर असताना जागच्या जागी घासून बघण्यावर भागवावं.

नवा आर्म मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जाईल. पुष्कळदा नवा आर्म घेणंच शहाणपणाचं असतं. बॉल जॉइंट ढिला असेल, पत्रा पातळ झाला असेल, स्प्रिंगला खोल खळगे असतील, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून नवा भाग आणावा. विंडस्टारचा अॅक्सल पाणी आणि मीठ साचेल अशा आकाराचा होता. अशा आडोशाच्या आणि पोकळ भागांत गंज आतून खातो आणि बाहेरून तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यांच्या बाबतीत शंका आली तरी भाग बदलावा. दोन-तीन किलो पोलाद वाचवून पर्यावरण वाचतं, असाही दावा मी करणार नाही. तो आकडा फार लहान आहे. पण भाग बदलायचा की ठेवायचा हे ठरवण्यासाठीसुद्धा तो आधी स्वच्छ करून बघावा लागतो. शिवाय ज्या गाड्यांचं उत्पादन थांबून दहा-वीस वर्षं झाली, त्यांचे कंपनीचे भाग मिळणं कठीण होत जातं आणि डुप्लिकेट मालाच्या पोलादाची खात्री कोण देणार? शाबूत असलेला मूळ भाग नीट राखला तर तो अनोळखी नव्या भागापेक्षा जास्त भरवशाचा ठरू शकतो. आणि नवा आणलेला भागसुद्धा बसवण्याआधी रंगवावा, कारण स्वस्त भागांवर कारखान्याचा रंग नावापुरताच असतो.

पावसाळ्याआधी गाडीच्या खाली जळकं ऑइल फवारण्याची रीत अजून अनेक ठिकाणी चालते. ऑइलने गंज काही काळ थांबतो, हे मान्य. पण तेच ऑइल नैसर्गिक रबराची बुशं फुगवून मऊ करतं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक लागत नाहीत, आणि पहिल्या पावसात ते धुऊन गटारात आणि पुढे विहिरीत उतरतं. वर त्याला धूळ चिकटून असा थर होतो, की खालचं काहीच दिसत नाही. एका पावसाळ्याच्या सोयीसाठी ही किंमत फार आहे.

घरी काम करायचं तर घरातल्या माणसांचाही विचार हवा. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण ती घरगुती रंगांपुरती आहे. जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चालावं. म्हणून कोरडं घासण्यापेक्षा ओलं घासावं, खाली जुनी ताडपत्री पसरावी, मुलांना दूर ठेवावं आणि तो चिखल बागेत टाकू नये. हार्डनर मिसळायच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने तो अडत नाही. असे रंग घरी फवारूच नयेत. करड्या इनॅमलला ब्रश पुरतो. ब्रशच्या खुणा राहिल्या तरी गाडीखाली त्या कोणाला खुपत नाहीत. इपॉक्सी हाताळताना हातमोजे घालावेत. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये थिनरचा वास कोंडतो, तेव्हा जागा उघड्यावरची असावी. ती नसेल तर वायर ब्रशपर्यंतचं काम घरी करून रंग गॅरेजच्या अंगणात द्यावा.

या कामाला ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर चांगला. हवेतली ओल उतरलेली असते, ऊन असतं, दोन हातांच्या मध्ये रंग नीट सुकतो, आणि पावसाने केलेलं नुकसान ताजं असतानाच हाती लागतं. रंगवण्याआधी, धातू पूर्ण उघडा असताना, प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. वेल्डच्या कडा, बुशची भोकं, स्प्रिंगची शेवटची वेटोळी जवळून घ्यावीत आणि त्यावर तारीख व गाडीचे किलोमीटर लिहावेत. पुढच्या वर्षी करड्या रंगावर कुठे रेघ दिसली तर ती नवी की जुनी, हे मेकॅनिकला त्या फोटोंवरून सांगता येईल. गाडी विकायची वेळ आली तर हेच फोटो घेणाऱ्यासमोर ठेवता येतील. आणि जुनी गाडी विकत घ्यायला गेलेल्याने, खालून सगळं ताजं काळंभोर दिसत असेल आणि रंगाआधीचा एकही फोटो दाखवला जात नसेल, तर सौदा ठरवण्याआधी ती लिफ्टवर चढवून, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जावं.